ज्वारीच्या माल्टसाठी घरगुती स्टँड: नळ्या, व्हॉल्व्ह आणि पंप कसे निवडावेत?

कुंडलिकाकाठ (जालना)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी ज्वारीला मोड आणून, ती वाळवून आणि भरडून त्यातून गोड माल्टचा रस काढला जातो. आजवर हे काम स्वयंपाकघरातील पातेल्यांवर भागत होते. आता एका वेळी वीस लिटर रस निघेल असा तीन पातेल्यांचा स्टँड अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये उभा करायचे ठरले आहे. जालन्यात लोखंडाचे काम करणाऱ्यांची वानवा नसल्याने सांगाड्याची चिंता नाही. प्रश्न आहे तो पातेल्यांना जोडणाऱ्या नळ्यांचा, व्हॉल्व्हचा आणि पंपाचा.

कामाचा क्रम थोडक्यात सांगतो. पहिल्या पातेल्यात पाणी तापते. दुसऱ्यात भरडलेले माल्ट आणि गरम पाणी एकत्र करून ते सुमारे ६५ अंश सेल्सियसला तासभर ठेवले, की धान्यातील पिष्टाची साखर होते. मग तो रस गाळून तिसऱ्या पातेल्यात उकळायचा आणि शक्य तितक्या लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवायचा. परदेशात घरी बिअर करणारे लोक उकळीपर्यंत हेच करतात, म्हणून अशा स्टँडचे बहुतेक आराखडे त्यांच्याकडूनच मिळतात. आम्ही यीस्ट घालणार नाही. परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे आणि आमची गरजही गोड पेयाचीच आहे, त्यामुळे चर्चा थंड केलेल्या रसापर्यंतच ठेवावी, अशी विनंती आहे.

माझ्या शंका अशा आहेत. घराच्या बांधकामातून उरलेली सीपीव्हीसी नळी आणि पितळी व्हॉल्व्ह हाताशी आहेत. ते या कामाला चालतील का? स्टेनलेस स्टीलच घ्यायचे झाल्यास आट्यांचे सांधे बरे, की डेअरीत वापरतात तसे क्लॅम्पचे? पंपाची खरोखर गरज आहे का, की पातेली पायऱ्यांसारखी वर-खाली मांडून काम भागेल? सर्वांत मोठी अडचण पाण्याची आहे. रस थंड करण्यासाठी आराखड्यांत पाण्याचा नळ सरळ उघडा सोडलेला दाखवतात. जिथे नळाला पाणी रोज येत नाही आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, अशा घरात ही जोडणी कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

उदगिरी (उदगीर)

दुधाच्या प्रक्रियेशी माझा दीर्घकाळ संबंध आला आहे. माल्टच्या रसातही दुधाप्रमाणेच साखर आणि प्रथिने असतात आणि नळीत उरलेला थेंब आपल्याकडच्या उष्णतेत लवकर आंबतो, म्हणून डेअरीतील बहुतेक नियम आपल्याला जसेच्या तसे लागू होतील.

सीपीव्हीसी बाजूला ठेवावी. ती गरम पाण्यासाठी बनवलेली असली, तरी तिची मर्यादा साधारण ९३ अंशांची आहे. जालन्याच्या उंचीवर पाणी शंभराऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तरीही ही मर्यादा ओलांडली जातेच. साधी यूपीव्हीसी तर ६० अंशांपलीकडे वापरूच नये. शिवाय या दोन्ही नळ्यांचे सांधे चिकटवलेले असतात आणि चिकटवलेला सांधा उघडून आत पाहता येत नाही, हा माझ्या दृष्टीने त्यांचा मोठा दोष आहे. जस्ताचा थर असलेली जीआय नळीही नको, कारण माल्टचा रस किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साडेपाचच्या आसपास राहतो, आणि आम्लात जस्त विरघळते.

पितळेचे व्हॉल्व्ह सहज कातता यावेत म्हणून त्या पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते. पृष्ठभागावरचे शिसे काढण्यासाठी दोन भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात पितळी भाग काही मिनिटे बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. मात्र जे पेय मुलांना द्यायचे आहे, त्याच्यासाठी हा खटाटोप करण्याचे कारण मला दिसत नाही. तुमचे पितळी व्हॉल्व्ह वाया जाणार नाहीत. ते थंड करण्याच्या पाण्याच्या बाजूला खुशाल लावावेत. रसाला स्पर्श होईल तिथे मात्र ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलच घ्यावे. ३१६ प्रतीसाठी जादा पैसे मोजण्याची या कामात आवश्यकता नाही.

धातूपेक्षाही रचनेकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या नळीच्या फाट्यातून प्रवाह जात नाही, पण जिच्यात रस साचून राहतो, तो फाटा नळीच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब असू नये, असा स्वच्छ नळजोडणीचा दंडक आहे. घरगुती स्टँडवर लोक हौसेने टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, लावतात, त्यावर तापमापक बसवतात, पुढे एखादा बंद फाटा भविष्यासाठी म्हणून सोडतात. अशी प्रत्येक जागा धुण्यातून सुटते. आडवी नळी मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार देऊन बसवावी, म्हणजे काम संपल्यावर ती आपोआप रिकामी होते. बॉल व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या गोळ्याच्या आत आणि गोळ्याभोवतीच्या पोकळीत रस अडकतो, म्हणून व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा घ्यावा. त्याचे बोल्ट काढले की मधला भाग बाहेर येतो आणि गोळा, टेफ्लॉनच्या बैठका, सारे काही हाताने धुता येते. एकसंध अंगाचा स्वस्त व्हॉल्व्ह धुण्यासाठी कधीच पूर्ण खोलता येत नाही. शिवाय अर्ध्या इंचाच्या एकसंध व्हॉल्व्हचे आतले भोक साधारण ९ मिलिमीटरचेच असते, तर पूर्ण भोकाच्या तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हमध्ये ते १५ मिलिमीटरच्या आसपास मिळते. भरडीचे कण जाणाऱ्या नळीत हा फरक फार मोठा आहे.

बालाघाट (बीड)

पंप घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पातेली तीन पायऱ्यांवर मांडावीत; पाणी वरून मधल्या पातेल्यात आणि रस मधल्यातून खालच्यात स्वतःच्या वजनाने उतरेल. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात, ६५ अंशांचे गणित जुळवून बसलेले असताना पंप थांबला, तर सगळा घाणा अडकून पडतो. पंप म्हणजे आणखी एक वस्तू, जिची प्रत्येक वेळी खोलून सफाई करावी लागते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ०.१ बार असतो आणि वीस लिटरच्या कामाला तेवढा पुरतो.

मांजरातीर (लातूर, सध्या पुणे)

मी पुण्यातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करतो. बालाघाट यांचे म्हणणे मला अर्धे पटते. तीन पायऱ्यांच्या मांडणीत सर्वांत वरच्या पातेल्याचा तळच सुमारे दीड मीटरवर जातो आणि काठ डोक्याच्या वर. तीस लिटर तापलेले पाणी डोक्यावरच्या उंचीला ठेवून त्यात वाकून पाहणे धोक्याचे आहे, आणि ज्या घरात मुले वावरतात तिथे तर ते करूच नये.

त्याआधी ज्वारीविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण तुमची नळजोडणी बार्लीच्या आराखड्यावरून उचलली तर अडेल. बार्लीच्या दाण्याला तूस असते आणि तेच तूस तळाशी बसून गाळणीचे काम करते. ज्वारीचा दाणा उघडा असतो, त्यामुळे तिची भरड चिखलासारखी घट्ट बसते. अशा थराखालून पंपाने ओढ लावली, की थर आणखी आवळला जातो आणि प्रवाह बंद पडतो. म्हणून मॅशच्या, म्हणजे भरड आणि गरम पाणी एकत्र ठेवायच्या, पातेल्याच्या तोटीला पंप थेट जोडू नये. मोठ्या ब्रुअरीत यासाठी तोटी आणि पंप यांच्यामध्ये एक उघडे भांडे ठेवतात, त्याला ग्रँट म्हणतात. रस आधी त्या भांड्यात स्वतःच्या वजनाने पडतो आणि पंप त्या भांड्यातून उचलतो, त्यामुळे पंपाची ओढ धान्याच्या थरापर्यंत पोहोचत नाही. वीस लिटरच्या कामात तुम्ही याच्याही पुढे जाऊन रसासाठीचा पंपच टाळू शकता. तळाशी छिद्रांची जाळी, तिच्यावर सुती कापड आणि भरडीत स्वच्छ धुतलेले साळीचे तूस मिसळले, तर तोटी थोडीशीच उघडून रस सावकाश उतरतो. सुरुवातीचा गढूळ रस तांब्याने परत वर ओतावा आणि नितळ येऊ लागला की खाली सोडावा.

दुसरी अडचण तापमानाची आहे. ज्वारीचे पिष्ट साधारण ६८ ते ७८ अंशांच्या दरम्यान फुलते, बार्लीचे त्याहून कमी तापमानाला फुलते. पिष्टाची साखर करणारी विकरे (एन्झाइम) मात्र सत्तरीच्या पुढे लवकर निकामी होतात. म्हणून फक्त ६५ अंशांवर तासभर ठेवल्यास ज्वारीतील बरेचसे पिष्ट तसेच राहते. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय असा, की भरड ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवावी, वर नितळलेले विकरांचे पाणी काढून बाजूला ठेवावे, खालचा लगदा शिजवून घ्यावा, तो ६५ अंशांच्या आसपास निवला की नितळ पाणी पुन्हा त्यात मिसळावे आणि मग तासभर ठेवावे. नळजोडणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मॅशच्या पातेल्याला तळाच्या तोटीखेरीज अर्ध्या उंचीवर आणखी एक तोटी असली, तर नितळ पाणी लगदा न ढवळता काढता येते. लगदा मात्र कोणत्याही नळीतून किंवा पंपातून नेण्याचा विचार करू नये. तो वाढणीने किंवा पातेल्यानेच हलवावा.

या सगळ्याचा विचार करून मी सुचवेन ती मांडणी दोन पातळ्यांची आहे. पाणी तापवण्याचे आणि रस उकळण्याचे पातेले खालच्या पातळीवर शेजारी शेजारी ठेवावे आणि मॅशचे पातेले एकाच पायरीने उंच, छातीच्या खाली काठ येईल असे ठेवावे. पंपाने फक्त स्वच्छ गरम पाणी वर चढवावे. रस मॅशमधून उकळीच्या पातेल्यात स्वतःच्या वजनाने उतरू द्यावा. मग रसाचा स्पर्श होतो तो फक्त पातेल्यांच्या तोट्यांना आणि हातभर सिलिकॉनच्या नळीला. घरगुती स्टँडवर माझ्या मते चांगली नळजोडणी तीच, जिच्यातून रसाला सर्वांत कमी प्रवास करावा लागतो. वीज गेली तर तेवढे गरम पाणी तांब्याने वर टाकता येते, त्यामुळे बालाघाट यांची शंकाही मिटावी.

पंप चुंबकीय जोडणीचा घ्यावा. त्यात मोटरचा दांडा द्रवाच्या बाजूला येत नसल्याने गळणारे सील नसते, आणि पुढची तोटी बंद असली तरी तो थोडा वेळ निभावतो. पण तो स्वतः पाणी ओढून घेत नाही. त्याचे डोके पातेल्याच्या तळापेक्षा खाली असावे आणि चालू करण्यापूर्वी त्यात पाणी उतरलेले असावे. प्रवाह कमी करायचा असेल तर तो नेहमी पंपाच्या पुढच्या तोटीने करावा, मागच्या कधीही नाही. उकळीजवळच्या पाण्यावर मागून अडथळा आला, की दाब घटून तिथल्या तिथे वाफ होते आणि पंप नुसता खडखडत राहतो. याच कारणासाठी पंपाच्या मागच्या बाजूला एल्बो, म्हणजे नळी वळवणारा सांधा, शक्यतो नसावा. एका काटकोनी एल्बोचा अडथळा त्याच व्यासाच्या, व्यासाच्या तीसपट लांबीच्या सरळ नळीइतका धरतात. अर्ध्या इंचाच्या नळीत एक एल्बो म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर नळी वाढवल्यासारखे होते.

कुंडलिकाकाठ (जालना)

उदगिरी, मांजरातीर, बालाघाट, आपणा सर्वांचे मनापासून आभार. ज्वारीच्या पिष्टाविषयीची माहिती फारच मोलाची आहे. आमचा रस अपेक्षेपेक्षा फिका का होत होता, याचा उलगडा झाला. दोन पातळ्यांची मांडणी घरातही सर्वांना पटली आहे.

आता सांध्यांचा प्रश्न उरतो. इथल्या दुकानात स्टीलचे व्हॉल्व्ह मिळतात, पण आटे कोणते, असे विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. बाहेरून मागवलेल्या एका तापमापकाचे आटे त्या व्हॉल्व्हमध्ये बसतात, मात्र घट्ट करूनही पाणी झिरपते. शिवाय पातेल्याला भोक पाडून व्हॉल्व्ह नटाने आवळावा की जोडकाम करून घ्यावे?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

औद्योगिक वसाहतीत माझे स्टीलच्या जोडकामाचे वर्कशॉप आहे. औषध कंपन्यांच्या आणि पेयनिर्मितीच्या नळ्यांचे काम आमच्याकडे येते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्याकडे पाण्याच्या कामात बीएसपी आटे वापरतात आणि अमेरिकी बनावटीच्या वस्तूंवर एनपीटी असतात. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या मापात दोन्हींचे इंचामागे १४ आटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत काही फेरे सहज जातात आणि बसल्यासारखे वाटतात. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा, म्हणून टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी असा सांधा भरवशाचा होत नाही. तुमच्या तापमापकाच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. बीएसपीमध्येही दोन प्रकार आहेत. निमुळत्या आट्यांचा सांधा आट्यांवरच बंद होतो आणि त्याला टेप लागते. सरळ आट्यांचा सांधा आट्यांवर कधीच बंद होत नाही, त्याला तोंडाशी वॉशर किंवा ओ-रिंग लागतेच. सरळ आट्यांवर टेपचे थर चढवून वेळ निभावण्याची सवय सर्वत्र दिसते, ती या स्टँडवर नको. टेपचे तुटलेले धागे रसात जातात आणि आट्यांच्या फटीत रस शिरून राहतो.

म्हणून रसाच्या बाजूला आट्यांचा सांधा ठेवूच नये, असे मी म्हणेन. पातेल्याला दीड इंची क्लॅम्पची फेरूल, म्हणजे क्लॅम्प बसेल अशा कडेची आखूड नळी, आर्गॉन वेल्डिंगने जोडून घ्यावी आणि व्हॉल्व्हही क्लॅम्पच्या तोंडाचा घ्यावा. फेरूलच्या तोंडाचा व्यास ५०.५ मिलिमीटर असतो आणि एक इंची नळीच्या फेरूलचे तोंडही त्याच मापाचे असते, त्यामुळे पुढे नळी बदलली तरी क्लॅम्प आणि गॅस्केट तेच राहतात. सांधा हाताने उघडतो, पाना लागत नाही. गॅस्केट सिलिकॉनची किंवा ईपीडीएम रबराची असावी. दोन्ही उकळत्या रसाला टिकतात. गरम पाण्याच्या आणि थंड करण्याच्या बाजूला मात्र आट्यांचे सांधे खुशाल ठेवावेत, तिथे क्लॅम्पवर खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

जोडकाम देताना कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगावी. जोड बाहेरून होत असताना पातेल्याच्या आतल्या बाजूलाही आर्गॉन वायू सोडलेला असावा. तसे न केल्यास आतल्या बाजूचे तापलेले स्टील हवेशी संयोग पावते आणि तिथे काळपट, खरखरीत, साखरेच्या खड्यांसारखा थर तयार होतो. तो घासून निघत नाही, त्याच्या खाचांत रस बसतो आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते. काम हाती आल्यावर आतून बोट फिरवून पाहावे. जोड गुळगुळीत लागला पाहिजे.

पातेले घेतानाही सावध असावे. बाजारात २०२ प्रतीच्या स्टीलची भांडी ३०४ म्हणून विकली जातात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते आणि गंजाला ते कमी तोंड देते. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही प्रती चुंबकाला चिकटत नाहीत. जोडकामाच्या आणि भंगाराच्या दुकानांत रसायनाचा थेंब टाकून प्रत तपासण्याची सोय असते. तशी तपासणी करून मगच भोक पाडायला द्यावे.

नटाने आवळण्याची पद्धत वाईट नाही. वेल्डिंग उपलब्ध नसेल तर सिलिकॉनच्या वॉशरसह ती चालते. पण तिच्यात वॉशरच्या मागे एक फट राहते आणि दर वेळी ती खोलून धुतली जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मांजरातीर (लातूर, सध्या पुणे)

थंड करण्याविषयी आता सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात या स्टँडचा कस तिथेच लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या गावच्या माणसाला नळ उघडा सोडलेला आराखडा पाहवत नाही.

आधी हिशेब पाहावा. वीस लिटर रस ९८ अंशांवरून ३५ अंशांवर आणायचा म्हणजे सुमारे १,२६० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायची. थंड पाणी एकदाच नळीतून जाऊन सरासरी २० अंशांनी तापून बाहेर पडले, तर त्यासाठी ६३ लिटर पाणी लागते. रसाच्या तिपटीपेक्षा जास्त पाणी मोरीत सोडणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. तीच उष्णता २०० लिटरच्या पिंपातील पाण्यात फिरवून सोडली, तर पिंपाचे तापमान केवळ ६.३ अंशांनी वाढते आणि एक थेंबही वाया जात नाही. पहाटे २७-२८ अंशांवर असलेले पिंप काम संपेपर्यंत ३४ अंशांवर येईल, आणि रात्रीत पुन्हा निवेल. त्यासाठी पाणी फिरवायला वाळवंटी कूलरचा छोटा बुडता पंप पुरतो. तो मराठवाड्यात प्रत्येक गावात मिळतो. त्याच्यातून रस मात्र कधीही नेऊ नये, तो केवळ पाण्याच्या बाजूचा पंप आहे. सुरुवातीचे काही लिटर पाणी बरेच तापून बाहेर येते. ते पिंपात परत न सोडता बादलीत घ्यावे आणि पातेली धुण्यासाठी वापरावे, म्हणजे पिंपही कमी तापते.

पिंपाच्या पाण्याने रस त्या पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही, हे उघड आहे. ३५ अंशांच्या पुढे नळ्या बादलीतील बर्फाच्या पाण्याला जोडाव्यात. ३५ वरून १५ अंशांवर येण्यासाठी ४०० किलोकॅलरी काढाव्या लागतात आणि एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषून घेतो, म्हणजे पाच किलो बर्फ धरून चालावे. सुरुवातीपासून बर्फ वापरणे हा निव्वळ अपव्यय आहे. पहिला मोठा टप्पा पिंपानेच उरकावा.

थंड करण्याच्या साधनांत पातळ पत्र्यांचा चिलर आकाराने लहान आणि वेगवान असतो, पण त्याच्या आतल्या फटी काही मिलिमीटरच्या असतात आणि तो घरी उघडता येत नाही. ज्वारीच्या रसात बारीक कण राहतातच. ते आत अडकले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मी रसात बुडवायच्या कॉइलचाच आग्रह धरेन. एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या तीन सूत तांब्याच्या नळीचे १५ मीटरचे वेटोळे या कामाला योग्य आहे. त्यात रस नळीतून वाहत नाही, पाणी वाहते, आणि कॉइल बाहेरून डोळ्यांना दिसते. उकळी संपण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी ती रसात सोडली की निर्जंतुकही होते. कॉइलला पाण्याची नळी जोडणारे सांधे पातेल्याच्या काठाबाहेर येतील इतकी टोके लांब ठेवावीत, म्हणजे एखादा सांधा गळला तरी पिंपाचे पाणी रसात पडणार नाही.

उदगिरी (उदगीर)

तांब्याविषयी एक पुरवणी. आपल्या घरांत तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ ठेवत नाहीत, कारण तो कळकतो. हाच विवेक कॉइललाही लावावा. हिरवट डाग असलेली कॉइल रसात घालू नये. दर वेळी चिंच किंवा लिंबाने लख्ख घासून, धुऊन मगच वापरावी आणि काम झाल्यावर पूर्ण कोरडी करून टांगावी. रस थंड झाल्यावर ती आतच राहू देऊ नये. स्टीलच्या कॉइलला ही काळजी लागत नाही. स्टील उष्णता तांब्याच्या मानाने फारच कमी वाहून नेते, पण नळीची भिंत पातळ असल्याने थंड होण्याच्या वेळेत तितका मोठा फरक पडत नाही. तुमच्या घरात धुण्याचे काम वेगवेगळ्या हातांनी होत असेल, तर स्टीलच घ्यावे.

बोअरच्या पाण्याचाही विचार व्हावा. आपल्या बेसाल्ट खडकातील पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात आणि ते तापल्यावर पांढरा थर धरतात. पाणी तापवण्याच्या पातेल्याची तोटी, पंपाचे डोके आणि कॉइलची आतली बाजू या तीन जागा त्यामुळे हळूहळू अरुंद होतात. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून ते अर्धा तास फिरवले, की थर सुटतो. रसाच्या बाजूला आधी धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी आणि मग साधे पाणी पुरेसे आहे. डेअरीत वापरतात तो कॉस्टिक सोडा घरात आणू नये.

गोदातीर (नांदेड)

चर्चा नळ्यांची असली, तरी ज्वारीच्या मोडांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. ज्वारीचे कोवळे पीक खाऊन जनावरे दगावतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ज्या द्रव्यामुळे ते घडते, ते मोड आलेल्या दाण्याच्या कोंबात आणि मुळांतही असते आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. म्हणून वाळवलेल्या माल्टचे कोंब आणि मुळे चोळून, पाखडून पूर्ण काढून टाकावीत. हायड्रोजन सायनाइड २६ अंशांनाच उकळते, त्यामुळे चांगल्या उकळीत ते निघून जाते, पण त्यासाठी पातेले उघडे असले पाहिजे. वाफ नळीने बाहेर नेणारे घट्ट झाकण काही आराखड्यांत दिसते. त्यात झाकणावर निवलेले पाणी परत रसात ठिबकते. ते झाकण बसवू नये आणि शेडच्या दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

मोकळ्या बाजूंचा उपयोग गॅससाठीही आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून हवा जाण्याची जागा खाली, जमिनीपाशी हवी. शेगडीची नळी आयएस ९५७३ चे चिन्ह असलेलीच घ्यावी आणि ती सांगाड्याच्या मागच्या बाजूने, ज्योतीपासून दूर न्यावी. रसाची सिलिकॉन नळी आणि गॅसची नळी एकाच बाजूने कधीही नेऊ नयेत.

बालाघाट (बीड)

पाण्यापुरताच पंप आणि रस उतारावर, ही मांडणी मला मान्य आहे. माझा आक्षेप रसातून जाणाऱ्या पंपाला होता. सिलिकॉनच्या नळीविषयी एक सांगतो: पातळ भिंतीची नळी गरम झाल्यावर वाकते तिथे चपटी होते आणि पंपाच्या मागे लावली तर ओढीने आत दबते. त्या जागी जाड भिंतीची घ्यावी. दुकानात मिळणारी पारदर्शक, आत जाळी असलेली पीव्हीसी नळी दिसायला मजबूत वाटते, पण गरम रसासाठी ती नाही.

कुंडलिकाकाठ (जालना)

आपल्या सर्वांच्या सल्ल्यावरून मांडणी निश्चित केली आहे. मॅशच्या आणि उकळीच्या पातेल्यांना क्लॅम्पच्या फेरूल, त्यांवर तीन तुकड्यांचे व्हॉल्व्ह, मॅशला अर्ध्या उंचीवर दुसरी तोटी, पाण्याच्या पातेल्याला साधा आट्यांचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या खाली पंप, असे ठरले. कॉइल स्टीलची घेणार आहोत, कारण आमच्याकडे धुण्याचे काम खरोखरच वेगवेगळ्या हातांनी होते. घरातील पितळी व्हॉल्व्ह पिंपाच्या बाजूला लागतील.

खामकाठ, एकच शंका राहिली. उकळीनंतर तळाशी गाळ बसतो. फेरूल तळापासून किती उंचीवर घ्यावी, म्हणजे गाळ वर येणार नाही आणि रसही फार वाया जाणार नाही?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

पातेल्याचा तळ आणि भिंत जिथे गोलाईने मिळतात, तिथे फेरूल बसत नाही. तिला सरळ भिंत लागते. म्हणून गोलाई संपते तिथून फेरूलची खालची कड एक सेंटिमीटर वर घ्यावी. बहुतेक पातेल्यांत मग नळीचा मध्य तळापासून साधारण चार-पाच सेंटिमीटरवर येतो आणि त्याखाली राहणारा रस व्यासानुसार चार-सहा लिटर भरतो. तो सगळा सोडून द्यायचा नसेल, तर आतून खाली वळलेली स्टीलची आखूड नळी बसवता येते. तिचे तोंड तळापासून दीड सेंटिमीटरवर ठेवावे आणि ती जोडून न टाकता ओढून काढता येईल अशीच करून घ्यावी. मॅशच्या पातेल्यात ही नळी नको. तिथे तोटी जाळीच्या खालीच आली पाहिजे, म्हणून जाळीचे पाय आधी तयार करून त्यांच्या उंचीवरून फेरूलची जागा ठरवावी. दोन्ही पातेली, जाळी आणि क्लॅम्प कारागिराकडे एकत्रच घेऊन जावेत आणि भोकाची खूण तिथे सगळे एकमेकांत बसवून पाहिल्यावरच करावी.